अकरा साखळ्या चार आणे

बाबा,

आज चौथीच्या मुलींना एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवत होते. फळ्यावर ‘साखळी’ लिहिलं आणि विचारलं, साखळी कशाकशाची असते, सांगा पाहू. हात भराभर वर झाले. दाराची, म्हणाली एक. कुत्र्याची. गळ्यातली सोन्याची, पायातली चांदीची. एकीचा बाप इथल्या जेलवर शिपाई आहे, ती म्हणाली, कैद्याची. एकीला बडनेऱ्याहून मामाकडे जाताना डब्यात पाहिलेली साखळी आठवली. ती ओढली की गाडी थांबते आणि पोलीस धरून नेतात, असं तिनं डोळे मोठे करून सांगितलं. जिचं भरतकाम चांगलं आहे तिनं साखळीचा टाका सांगितला. मी एकेक अर्थ लिहीत गेले. मग मागच्या रांगेतली, वरूडकडून यंदाच आलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, वावर मोजाची साखयी.” वर्ग हसला, ती ‘साखयी’ म्हणाली म्हणून. साखयी नाही, साखळी म्हण, असं तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मला ते सांगता आलं नाही. आत्या शेवटपर्यंत साखयीच म्हणायची. मुलीला मी बस म्हणाले. तिनं सांगितलेला अर्थ फळ्यावर लिहायचा राहिला तो राहिलाच.

आता शाळा सुटली आहे. शिपाईण ओसरी झाडते आहे आणि मी वर्गातच बसून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आत्याला जाऊन एक. ती होती तोवर असा कागद घरात असणं मला परवडलं नसतं. तिला वाचता येत नव्हतं हे खरं, पण माझ्या हातात कागद दिसला की ती विचारायची, “काय लिहून रायली वो माय? वाचून दाखव मले.” आणि मग मी काय वाचलं असतं?

अकोल्याच्या आपल्या घरात साखळी म्हटली की आधी तुमची. अंगणात तुम्ही दोन दगड पुरून घेतले होते, एक न्हाणीपाशी, दुसरा फाटकाजवळ, आणि दोन्हींच्या डोक्यावर छिन्नीनं फुली मारलेली. एका फुलीपासून दुसऱ्या फुलीपर्यंत बरोबर तेहेतीस फूट. मोजणीवर निघण्याआधी रोज सकाळी तुम्ही पोत्यातून साखळी काढायचात, लोखंडाच्या कड्यांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची, दर चार आण्यांवर पितळेचा बिल्ला लावलेली. न्हाणीकडचं टोक मी फुलीवर दाबून धरायची आणि तुम्ही फाटकाकडे ताण द्यायचात. वापरून वापरून कड्या ओढल्या जातात, साखळी लांबते आणि लांबलेल्या साखळीनं मोजलं तर कोणाची तरी जमीन कमी भरते, हे तुम्ही मला सांगितलं तेव्हा मी सहा वर्षांची असेन. केसभर जरी फरक निघाला तरी तुम्ही ऐरणीवर कडी ठेवून ठोकत बसायचात, आणि मायनं वाढलेली भाकर गार होऊन जायची. ती कुरकुरली की तुम्ही म्हणायचात, “लोकायच्या वावराचा मामला हाय.” एकदा मला दगडाशी आडवी निजवून तुम्ही माझीच मोजणी केली होती आणि मायला हाक मारून सांगितलं होतं, “दोन आने भरली तुही पोरगी.” मी दिवसभर ज्याला त्याला सांगत होते, मी दोन आणे आहे.

सातव्या वर्षी मला देवी आल्या. जगले, पण तोंडभर वण राहिले. मायनं घरातला आरसा पेटीत टाकला आणि मी शाळेत जाईना. तेव्हा तुम्ही मला पाटी आणून दिलीत. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर तुम्ही टिपण माझ्यासमोर पसरायचात. प्रत्येक शेताचा तो हातानं काढलेला आराखडा, रेघेरेघेवर लांबी लिहिलेली, इतक्या साखळ्या, इतके आणे. त्यावरून गुणाकार मांडून जमिनीचं क्षेत्र काढायचं. दहाव्या वर्षी मला ते यायला लागलं, अकराव्या वर्षी तुमच्याहून लवकर. दारात आलेल्या कारकुनांना तुम्ही सांगायचात, “माह्या पोरीचा गुनाकार तपासा, एक चूक काढून दाखवा.” मी दाराआड उभी राहून ऐकायची. बाहेरच्या माणसाला तोंड दाखवायची मला लाज होती, पण माझे आकडे सगळ्या कचेरीत फिरून यायचे. त्या वयात मला आणखी काही नको होतं. हे सगळं आधी लिहिते आहे, कारण तुम्ही लबाड माणूस होतात असं मला लिहिताच येत नाही. तसे असतात तर मला इतकं कडू वाटलं नसतं.

बार्शीटाकळीची आत्या बाजारच्या दिवशी टोपली घेऊन गाडीनं यायची. तुमची एकुलती धाकटी बहीण. नदीच्या अंगाला तिचा मळा होता. वांगी, मेथी, कडेनं झेंडू, आणि पश्चिमेच्या टोकाला ती विहीर. आपल्या दाराची साखळी ती खडखड वाजवायची आणि आतून कोणी येण्याआधीच बोलायला लागायची, त्यामुळे दार उघडेपर्यंत निम्मी हकीकत झालेली असायची. तिला मूलबाळ नव्हतं. माझं तोंड देवीनंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाकीच्या बायांसारखी ती चुकचुकली नाही. टोपलीतलं एक किडकं वांगं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, “हे पाय. वरून डाग हाय, म्हनून काय भाजी कडू होते? चीर अन् पाय.” खरंच चिरायला लावलं तिनं. साखळीचा टाका मला तिनंच शिकवला, मायच्या जुन्या लुगड्याच्या पदरावर, दोऱ्याच्या एका फासात दुसरा फास अडकवत. तिचा टाका वाकडातिकडा यायचा आणि ती स्वतःच हसायची.

आत्याचे यजमान दोन दिवसांच्या तापानं गेले. वर्ष उलटायच्या आत तिच्या थोरल्या दिरानं काढलं, की भावाभावांत वाटणी झाली तेव्हाचा हद्दीचा दगड पुरात वाहून गेला आहे, आणि विहीर खरी आपल्या हिश्शात येते. गावात बोलणी झाली. मोजणीची कोणी रीतसर मागणी केली नाही. उलट त्या थोरल्या दिरानंच चावडीवर सांगितलं म्हणे, “बाहेरचा कोनी कायले पायजे? भावजयीचा भाऊच मोजनीदार हाय. तो मोजीन ते आपल्याले मंजूर.” सगळ्यांना हे फार मोठ्या मनाचं वाटलं. आत्याला तर सगळ्यांत जास्त. “भाऊ मोजते तं मले काय भेव?” ती मायला म्हणाली.

चैत्राचे दिवस होते. वावरं रिकामी. तुम्ही मलाही नेलंत, आत्या एकटी आहे, तिच्यापाशी बस म्हणून. बाभळीखाली मी आणि आत्या, समोर गावातले चार म्हातारे, आणि थोरले दीर नवा फेटा बांधून आलेले, जणू लग्नालाच आलेत. तुम्ही पिशवीतून जुन्या टिपणाची नक्कल काढलीत, डोळ्यांपुढे धरलीत आणि मोठ्यानं वाचलीत, “पश्चिमेच्या दगडापासून अकरा साखळ्या चार आने.” तिथं कोणाला ते टिपण वाचता येत नव्हतं. दोन गडी साखळी ओढत निघाले. प्रत्येक साखळीच्या शेवटी एक लोखंडी सळई जमिनीत. मी मोजत होते, सवयच होती. दहावी सळई रोवली गेली ती विहिरीच्या अलीकडे. मग अकरावी साखळी ओढली ती विहिरीच्या काठावरूनच गेली. दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. आत्या उठून उभी राहिली. पुढे चार आणे मोजून तुम्ही काठीनं जागा दाखवलीत, आणि नवा दगड विहिरीच्या पलीकडे, आत्याच्या बाजूला, रोवला गेला.

आत्या तुमच्याजवळ आली. “भाऊ, बरोबर मोजलं ना?”

तुम्ही साखळी गोळा करत होतात. वर न पाहता म्हणालात, “साखयीनं सांगतलं ते सांगतलं. माह्या हातात काय हाय?”

ती म्हणाली, “मंग बरोबर हाय.” तुम्ही उन्हातून आला होता, तुमचे पाय धुळीनं माखले होते. तिनं घागर उचलली, विहिरीशी गेली, आणि एकदम थांबली. पदर पुढे ओढून थोरल्या दिराकडे अर्धवट वळली आणि विचारलं, “भावाच्या पायावर घालाले एक घागर घेऊ काय?” ते म्हणाले, “घ्या ना, घ्या.” त्या पाण्यानं तुम्ही पाय धुतलेत, बाबा. मी पाहत होते.

तिसऱ्या दिवशी ते टिपण मला पिशवीत सापडलं. तुम्ही न्हाणीत होतात. आत्याची जमीन नेमकी किती कमी झाली ते काढावं म्हणून मी कागद पसरला. पश्चिमेच्या रेघेवर स्वच्छ शाईत लिहिलं होतं, दहा साखळ्या चार आणे. मी कागद दारातल्या उजेडात नेला. एकाचा शून्य झाला असेल, शाई पसरली असेल, म्हणून बोटानं चाचपलं. मग पाटीवर दोन्ही प्रकारे गुणाकार मांडला. दहा धरले की दोन्ही हिस्से आपापल्या जुन्या क्षेत्राशी जुळत होते. अकरा धरले की आत्याचा हिस्सा तेवढाच खाली येत होता. आणि मला काय झालं सांगू? आनंद झाला. वाटलं, चूक सापडली, आत्याला विहीर परत मिळणार, आणि ती चूक मी काढली. मी ओरडतच धावले, “बाबा, चूक सापडली! दहाच हाय, अकरा नाई!”

तुम्ही डोकं पुसत होतात. कागदाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. “कोनं सांगतलं तुले पिशवी उघडाले?”

“पाहा ना बाबा, इथं दहा हाय. तुमी चुकून—”

“पोरीले दोन अक्षरं शिकवली तं बापालेच शिकवाले लागली!” तुम्ही मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं, तेव्हाही नाही. तुम्ही फक्त कागद माझ्या हातातून घेतलात, चार घड्या केल्यात आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलात. मग मायला म्हणालात, “हिले चुलीपाशी घे आता. मोठी झाली.” त्या संध्याकाळपासून माझ्यासमोर टिपण आलं नाही. सकाळची साखळी तुम्ही खुंटी ठोकून एकट्यानं ताणायला लागलात. मला कळेना की माझा गुणाकार कुठे चुकला. कितीतरी दिवस मी तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मांडत होते.

ज्येष्ठात माझं लग्न झालं. त्याच थोरल्या दिराच्या मधल्या मुलाशी. त्याआधी दोन स्थळं माझं तोंड पाहून उठून गेली होती. ह्या घरानं मुलगी पाहायचंसुद्धा काढलं नाही. माय म्हणाली, देव पावला. तुम्ही सराफ्यातून चांदीच्या साखळ्या आणल्यात आणि त्यांचा फिरकीचा खिळा माझ्या पायात स्वतः बसवलात. इतका वेळ तुम्ही खाली मान घालून बसला होता की माय हसली, “एवढा वेळ काय लावता?” आत्या मांडवात नाचली. भाची तिच्या शेजारी नांदायला येणार होती.

शेजारी म्हणजे किती, तर त्या नव्या दगडाच्या ह्या बाजूला. रोज सकाळी त्या विहिरीचं पाणी मी ओढायची. पायातल्या साखळ्या वाजल्या की आत्याला कळायचं मी आले, आणि मग ती दगडापलीकडून, माझ्याकडे न पाहता, निंदत निंदत बोलायची. सासूला ते खपत नसे, म्हणून न पाहता. पहिल्याच वर्षी माझ्या हातून बादली निसटून विहिरीत गेली. सासू मागेच उभी होती. ती म्हणाली, “सांभायून वो. फुकट नाई आली हे इहीर. तुह्या बापानं तुह्या पायी देल्ली आमाले. नाई तं असं तोंड कोनं घेतलं असतं घरात?”

तेव्हा माझा गुणाकार बरोबर निघाला.

वीस पावलांवर आत्या सुकलेली वांग्याची झाडं उपटत होती. तिनं ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. तिनं पुढचं झाड उपटलं. मी काठावर ओणवी होऊन गळ टाकत राहिले, बादली लागेपर्यंत. तुम्ही माझ्यासाठी केलंत, हे मला समजत होतं, तेराव्या वर्षीही समजत होतं. पण मला एकदा विचारायचं होतंत. मी नको म्हणाले असते. जन्मभर तुमच्या घरात आकडे मांडत बसले असते आणि कोणाच्या पाण्यावर जगले नसते.

आत्याची मेथी आधी गेली, मग वांगी, मग झेंडू. ती नदीतून घागरी आणायची, पण उन्हाळ्यात नदीत तरी काय असतं? माझा नवरा माणूस वाईट नव्हता. आई बाजारला गेली की तो दोन-चार बादल्या दगडापलीकडच्या पाटात ओतून यायचा आणि मला म्हणायचा, “बोलू नोको कोनाजवळ.” दोन-चार बादल्यांनी मळा होत नाही. तिसऱ्या वर्षी आत्यानं मळ्याच्या जागी ज्वारी पेरली आणि कापूस वेचायला दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं जायला लागली. कधी मला भेटायला आमच्या दारी आली की सासू आतून साखळी चढवायची. आत्या बाहेर उभी राहून वाजवायची, मी आत चुलीपाशी ऐकायची, आणि थोड्या वेळानं पावलं लांब जायची. एकदा मी विहिरीवर असताना दगडापलीकडे शेजारची एक बाई तिला म्हणाली, “तुह्या भावानंच बुडवलं तुले.” आत्या एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. “काहून बुडवलं? बहीन म्हनून त्यानं साखयी वाकडी केली नाई! सख्ख्या बहिनीच्या इरोधात गेलं तरी खरं तेच मोजलं. असा एक मानूस दाखव मले या गावात.” माझी घागर अर्धी भरली होती. ती डोक्यावर घेऊन मी घरी गेले.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. गावात प्रेतं उचलायला माणसं पुरेनात. माझा नवरा चार दिवसांत गेला. महिन्याभरानं सासऱ्यांनी तुम्हाला निरोप धाडला, पोरीला घेऊन जा. तुम्ही आलात. त्या दगडावरून आपली दमणी गेली तेव्हा तुम्ही बैलांच्या शिंगांकडे पाहत होतात. स्टेशनावर आपण दोघंच बाकावर. पायातल्या साखळ्या सासूनं काढून घेतल्या होत्या आणि पाय हलके लागत होते. मी पाच वर्षं जपून ठेवलेलं तिथं विचारलं.

“बाबा, दहा होते ना?”

तुम्ही अकोल्याकडच्या रुळांकडे पाहत राहिलात. “गाडीले उशीर हाय,” म्हणालात.

मी पुन्हा विचारलं नाही. मग तुम्हीच बोललात, “तुले अमरावतीले पाठवतो. मास्तरीन होय. मंग कोनाच्या दारात उभं राहाचं काम नाई पडनार.” आणि तुम्ही ते केलंत. भावकीनं तोंड सोडलं, मायनं दोन दिवस अन्न सोडलं, तरी तुम्ही मला ट्रेनिंगला घातलंत. बोर्डिंगच्या फाटकाशी माझी वळकटी स्वतः वाहून आणलीत. आज जी भाकर मी खाते ती त्यामुळे आहे. हे मी नाकारत नाही, लिहून ठेवते. पण स्टेशनावर मी विचारलं त्याचं ते उत्तर नव्हतं.

नोकरी लागली तशी मी आत्याला इथं आणलं. तिनं उरलेला तुकडा दिरालाच देऊन टाकला होता. एका वाड्यातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही बावीस वर्षं राहिलो. मागच्या हातभर जागेत ती वांगी लावायची आणि न्हाणीचं पाणी त्यांना घालायची. तुम्ही वर्षातून दोनदा यायचात. तुम्ही येणार म्हटलं की ती आदल्या दिवसापासून हरखलेली. तुमच्यासमोर ताट ठेवून शेजारच्या बायांना बोलावून आणायची, “हा पाहा माहा भाऊ. यानं मले रस्त्यावर आनलं, पन खोटं मोजलं नाई.” बाया तुमच्याकडे देवळात पाहावं तसं पाहायच्या. तुम्ही माझ्याकडे पाहायचात आणि मी ताटाकडे. एकदा तिचं बोलून झालं आणि तुम्ही घास हातात धरून थांबलात. मला वाटलं, आता. आता सांगतील. तुमचे ओठ हललेसुद्धा. तुम्ही म्हणालात, “पिठलं वाढ थोडं.”

आणि तिनं वाढलं.

अकोल्याला तुम्ही शेवटच्या दुखण्यात होतात तेव्हा मी रजा काढून आले. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. एका दुपारी हातानं खूण करून मला जवळ बोलावलंत. मी कान तुमच्या तोंडाशी नेला. “बहिनीले जपजो,” एवढंच म्हणालात. पंधरा वर्षं कोटाच्या खिशात दाबून ठेवलेलं ते तेव्हाही बाहेर आलं नाही. जपायचं काम मात्र माझ्या अंगावर टाकून गेलात. तुम्ही गेलात त्या दिवशी मायपेक्षा जास्त आत्या रडली. “खरा मानूस गेला” म्हणून तिनं ऊर बडवून घेतला, आणि मी तिचे हात धरून ठेवले.

गेल्या पौषात ती गेली. तिनं मला कधी काही विचारलं नाही. विचारलं तर काय सांगायचं याची मी बावीस वर्षं तयारी ठेवली होती, कधी खरं, कधी खोटं, दोन्ही पाठ होतं. ती विचारल्याशिवायच गेली. वाड्यातल्या बाया म्हणाल्या, “बाई, पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलंत तुम्ही.” त्यांना काय माहीत.

आता हे कागद मी फाडीन नाही तर घरी नेऊन ट्रंकेत टाकीन, अजून ठरलं नाही. तुमच्यापर्यंत ते कुठून जायचे? पण एक गोष्ट राहिली आणि ती लिहिल्याशिवाय उठले तर मीही तुमच्यासारखी कागदाला घड्या घालून उठल्यासारखं होईल. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की आत्याचा एवढा एकच आधार आहे, तो काढून घेऊ नये म्हणून मी गप्प राहते. ते सगळं खरं नाही. दुपारी अंगणात बाया शेंगा सोलत बसायच्या, आत्या तुमची हकीकत सांगायची, आणि संपली की सगळ्या वळून माझ्याकडे पाहायच्या. अशा बापाची लेक म्हणून. मला ते आवडायचं, बाबा. वाड्यात नवं बिऱ्हाड आलं, नवी बाई आमच्यात येऊन बसली की विषय आपसूक निघायची मी वाट पाहायची. नाही निघाला तर मीच आत्याला म्हणायची, “आत्या, बाबांच्या मोजणीचं सांग ना यांना.”